उत्खनन म्हणजे सातबारा नव्हे

'उत्खनन' हा शब्द वर्तमानपत्रात दिसला की आपल्या मोहल्ल्यात पहिला प्रश्न येतो, "अब कौनसी मस्जिद?" हा प्रश्न अडाणी माणूसच विचारतो असे नाही. वकील विचारतात, डॉक्टर विचारतात, आमच्या स्टाफरूममध्येही तो विचारला जातो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुरातत्त्व या शास्त्राची मुस्लिम समाजाला जी ओळख झाली ती कोर्टाच्या बेलिफासारखी झाली. हातात नोटीस, मागे पोलीस आणि त्यांच्याही मागे कॅमेरे. अशा पाहुण्याचे स्वागत कोण करील?

मला या लेखात दोघांशी भांडायचे आहे. ज्यांनी या शास्त्राचा बेलीफ केला त्यांच्याशी, आणि बेलीफ आला म्हणून दार लावून आत बसलेल्या आपल्या माणसांशी. दुसरे भांडण मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण ते घरातले आहे. पण पहिले उरकल्याशिवाय दुसरे कोणी ऐकून घेणार नाही, म्हणून आधी ते.

५ मार्च २००३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने अयोध्येच्या वादग्रस्त जागेवर उत्खनन करण्याचा आदेश भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला दिला. ऑगस्टमध्ये अहवाल आलासुद्धा. मशिदीखाली एक मोठी वास्तू होती आणि तिची लक्षणे उत्तर भारतातल्या मंदिरांशी जुळतात, असा त्याचा निष्कर्ष. सुन्नी वक्फ बोर्डाच्या वतीने खड्ड्याच्या काठावर बसून नोंदी घेणाऱ्या दोन पुरातत्त्वज्ञ होत्या, सुप्रिया वर्मा आणि जया मेनन. त्यांनी २०१० साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त सविस्तर लेख लिहून हरकती मांडल्या. खांबांचे पाये म्हणून दाखवलेले विटांचे ढीग पाये नाहीतच, जनावरांची हाडे आणि चकाकीची भांडी यांच्या नोंदी धड ठेवलेल्या नाहीत, असे त्यांचे म्हणणे. शेवटी ९ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने जागा मंदिराला दिली. पण त्याच निकालपत्रात दोन गोष्टी नमूद आहेत. खालची वास्तू पाडून मशीद बांधली असे अहवालातून सिद्ध होत नाही, ही एक. आणि मालकीचा निवाडा केवळ पुरातत्त्वीय निष्कर्षांवर करता येत नाही, ही दुसरी.

हे दुसरे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी वाचले? आणि ज्यांनी विजयाच्या मिठाया वाटल्या त्यांच्यापैकी किती जणांनी वाचले? वाचले असते तर ऑगस्ट २०२३ मध्ये ज्ञानवापीत फिता घेऊन मोजमापे सुरू झाली नसती आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संभलला मशिदीच्या पाहणीवरून माणसे मेली नसती. १९९१ चा प्रार्थनास्थळांचा कायदा १५ ऑगस्ट १९४७ ची स्थिती गोठवतो हे माहीत असूनही अर्जांवर अर्ज पडत राहिले. १२ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने नवे दावे नोंदवू नका, पाहणीचे आदेश देऊ नका असे बजावले, तेव्हा कुठे जरा श्वास घेता आला.

या सगळ्या प्रकरणांत पुरातत्त्वाला जो प्रश्न विचारला गेला तो तलाठ्याला विचारायचा प्रश्न आहे. जागा कुणाची? या शास्त्राला ते सांगता येत नाही आणि सांगणे हे त्याचे कामही नाही. कुदळ आणि ब्रश घेऊन खाली उतरणारा माणूस सांगतो तो इथे कोण कसा राहिला, काय खात होता, कशाने मेला. कोणत्याही जुन्या गावाच्या पांढरीत उतरा, वरच्या घराखाली जुने घर लागते, त्याच्याखाली त्याहून जुनी चूल, त्याखाली राख. वरच्याने खालच्याची जागा बळकावली असा त्याचा अर्थ लावायचा ठरवला तर या देशात एकही घर, एकही देऊळ, एकही मशीद निर्दोष सुटणार नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकचा शिलालेख घ्या. आज तो नागपूरच्या अजब बंगल्यात म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात आहे. एकाच शिळेवर दोन लेख. जुना लेख मौर्यांच्या काळातल्या ब्राह्मी लिपीतला, प्राण्यांना पकडू वा मारू नये अशी आज्ञा सांगणारा. नंतरचा लेख वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा, त्याच्या धर्मस्थानाचा. म. म. वा. वि. मिराशींनी तो वाचून प्रसिद्ध केला. म्हणजे चौथ्या शतकातल्या एका राजाने पाच-सहाशे वर्षांपूर्वीची सरकारी आज्ञा असलेली शिळा उचलली आणि आपल्या देवस्थानासाठी वापरली. तेव्हा या भूमीवर इस्लामचे नावही नव्हते. जुना दगड नव्या बांधकामात वापरणे हा गुन्हा असेल तर आरोपींची यादी फार लांब आहे आणि ती आपल्यापासून सुरू होत नाही.

पण इथे थांबलो तर मीही वकिलीच केली असे होईल. आपल्या लोकांना एक कडू गोष्ट गिळावी लागेल. सुलतानांनी मंदिरे पाडली, काही ठिकाणी त्यांचेच दगड मशिदीत लावले. दिल्लीच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीवरचा फारसी लेखच सांगतो की सत्तावीस मंदिरांचे सामान इथे वापरले. हे कुणा हिंदुत्ववाद्याने लिहिलेले नाही, बांधणाऱ्याने अभिमानाने कोरले आहे. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने बाराव्या ते अठराव्या शतकातल्या, पुराव्यानिशी सांगता येतील अशा घटना मोजल्या तेव्हा आकडा ऐंशी आला. साठ हजार हा आकडा सांगत फिरणाऱ्यांना ते उत्तर आहे. पण ऐंशी म्हणजे शून्य नव्हे, हे आपल्या तकरीर करणाऱ्यांनाही उत्तर आहे. ऐबकाने जे केले ते मान्य केल्याने भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा मोमीन गुन्हेगार ठरत नाही. ऐबकाने त्याच्या पूर्वजांना विचारून काही केले नव्हते. आपण सुलतानांचे वारस असल्यासारखे त्यांची बाजू लढवतो आणि मग समोरचा आपल्याला त्यांचेच वारस समजून हिशेब मागतो. ही वारसदारी आपल्याला कोणी दिली?

आता घरातले भांडण.

आपण खरोखर कुणाचे वारस आहोत, हा प्रश्न आपल्या समाजात नीट विचारलाच जात नाही. खानदानी शजरा काढून बघा, तो बगदादला, बुखाऱ्याला किंवा थेट मदिनेला पोचतो. महाराष्ट्रातल्या मोमीन, पिंजारी, आतार, बागवान, मुलाणी, छप्परबंद, कसाब या जमाती कुठून आल्या? बहुतेक इथूनच आल्या. इथल्याच मातीत सूत काततकातत, कापूस पिंजतपिंजत कलमा पढल्या. मुस्लिम ओबीसींच्या चळवळीने ही गोष्ट आरक्षणाच्या मागणीसाठी मांडली आणि बरे केले. पण तिची मुळे कुठे आहेत ते फक्त जातीच्या दाखल्यात सापडणार नाही. राजांनी बखरी लिहून घेतल्या, नवाबांनी तवारिखा लिहवून घेतल्या. विणकराने, कुंभाराने, लोहाराने काय ठेवले? चातीची भिंगरी, मडक्याचा काठ, लोखंडाचा मळ. लिहिता न येणाऱ्या माणसाचा इतिहास वाचणारे पुरातत्त्वाइतके समर्थ शास्त्र दुसरे नाही, आणि म्हणूनच ते आपल्यासारख्यांच्या सर्वाधिक कामाचे आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उघडे पडले, शंभरांहून जास्त घरे. पाटाचे पाणी होते, बार्ली पिकत होती. मूल मेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यात त्याला ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरत. ती आई कोण होती, तिचा देव कोणता होता, हे कोणी सांगू शकत नाही. पण मूल गमावलेली कोणतीही बाई ते मडके बघून सगळे समजेल. पुढे इसवी सनापूर्वी एक हजारच्या सुमारास पाऊस कमी झाला, शेती ढासळली, लोक मेंढ्या-बकऱ्यांच्या मागे फिरू लागले आणि गाव उठले. दुष्काळाने गाव कसे उठते हे महाराष्ट्राला आज सांगायची गरज आहे की नाही, ते वाचकांनीच ठरवावे.

इनामगावच्या जाडजूड अहवालावर तीन नावे आहेत. ढवळीकर, सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी. हे अन्सारी कोण, असे मी आमच्या भागातल्या चांगल्या शिकलेल्या मुस्लिम तरुणांना विचारले आहे. एकालाही माहीत नव्हते. १९६३ साली डेक्कन कॉलेजने द्वारकेत उत्खनन केले, साक्षात श्रीकृष्णाच्या द्वारकेत. त्याचा अहवाल १९६६ मध्ये निघाला तो अन्सारी आणि म. श्री. माटे या दोघांच्या नावाने. एक अन्सारी द्वारकेचे थर मोजत होता आणि ही जागा कुणाची असे त्याला कोणी विचारले नाही. त्या काळाचा मोठेपणा होता तो, आणि त्या माणसाच्या विद्येचाही.

गुलाम यझदानींचे नाव तरी ऐकलेले असते? हैदराबाद संस्थानात १९१४ साली पुरातत्त्व खाते निघाले, त्याचे हे पहिले प्रमुख. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात. भिंतीवरची चित्रे पापुद्रे सुटून गळत होती. यझदानींच्या काळात इटलीहून तज्ज्ञ बोलावून १९२० ते १९२२ या काळात ती चित्रे जागेवर बसवली गेली. त्यांनी लिहिलेले अजिंठ्याचे चार खंड १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत निघाले. एका मुसलमान राजाच्या पैशाने एका मुसलमान विद्वानाने बुद्धाची चित्रे वाचवली. संभाजीनगरहून दोन-अडीच तासांवर असलेल्या त्या लेण्यात आपले लोक सहलीला जातात, फोटो काढतात, बिर्याणीचे डबे उघडतात आणि परत येतात. यझदानींच्या नावाने एखाद्या उर्दू शाळेत वक्तृत्वस्पर्धा झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पुढच्या काळातले नाव द्यायचे तर के. के. मुहम्मद. अयोध्येबद्दलचे त्यांचे म्हणणे मला पटत नाही. पण मुरैना जिल्ह्यात बटेश्वरची कोसळलेली मंदिरे दगडावर दगड जुळवून ज्याने उभी केली त्या माणसाचे ज्ञान मी नाकारू शकत नाही. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव निघाले की शिवी तरी येते किंवा शांतता. पटले नाही तर शास्त्राने खोडा. त्यासाठी शास्त्र यावे लागते. २००३ मध्ये वक्फ बोर्डाला बाजू तपासायला तज्ज्ञ हवे होते तेव्हा वर्मा आणि मेनन धावून आल्या. त्यांचे उपकार आहेत. पण दर वेळी दुसऱ्यांनीच आपल्यासाठी खड्ड्यात उतरायचे का?

आता माझ्या भागाकडे येतो. कुरखेडा म्हटले की बाहेरच्या माणसाला जंगल आणि नक्षलवादी एवढेच आठवते. शेजारच्या आरमोरी तालुक्यात वैरागड आहे. गोंड राजांचा किल्ला, भोवती खंदक, जवळच भंडारेश्वराचे जुने देऊळ. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे. म्हणजे आमच्या पंचक्रोशीतल्या एका गावाचे नाव सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या फारसी ग्रंथात आहे. माझ्या शाळेतली मुले ती लिपी वाचू शकतात. शेजारच्या मराठी शाळेतली हुशार पोरे तो ग्रंथ इंग्रजीतून वाचतील, मराठीतून वाचतील, मूळ पानावर नजर टाकू शकतील ती आमची पोरे. पण त्यांच्यासमोर ते पान ठेवतो कोण? सहावीच्या पुस्तकात हडप्पा संस्कृती आहे, मुले मोहेंजोदडोच्या स्नानगृहाचे चित्र काढतात आणि पूर्ण गुण घेतात. नागभीडची शिळावर्तुळे मात्र कोणत्याच धड्यात नाहीत.

ही शिळावर्तुळे म्हणजे मोठमोठे दगड गोलाकार मांडून केलेली दफने. विदर्भात ती शेकड्यांनी आहेत, नागपूरजवळ जुनापाणी, माहूरझरी, आमच्याकडे नागभीड, चामोर्शी. आत लोखंडाची हत्यारे, काळी-तांबडी मडकी, मणी सापडतात. माहूरझरीला तर घोडा पुरलेला सापडला, तांब्याच्या दागिन्यांसह. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, सुमारे दोन हजार सातशे वर्षांपूर्वीची. आज गडचिरोलीतून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावतात आणि विकास आला असे आम्हाला सांगितले जाते. लोखंड इथे पाहुणे म्हणून आलेले नाही, इथल्या माणसाने ते हाताने गाळले होते, हे आमच्या आदिवासी मुलांना कोणी सांगत नाही. माझ्या मुलांनाही नाही. आणि ती वर्तुळे? त्यांचे दगड शेताच्या बांधाला जातात, घराच्या जोत्याला जातात, गिट्टी होऊन रस्त्यावर पडतात.

चंद्रपूरला पापामियां टेकडी आहे. तिथे पुराश्मयुगातली दगडी हत्यारे सापडली. टेकडीला नाव एका मियांचे आणि पोटात हत्यारे हजारो पिढ्यांपूर्वीच्या माणसाची. त्या हत्यारे घडवणाऱ्याचा मजहब विचारायला कोणता कोर्ट-कमिशनर जाणार आहे? शहर वाढत गेले आणि टेकडी आक्रसत गेली. तिच्यासाठी ओरड केली ती दोन-चार अभ्यासकांनी. 'मियां' हे नाव ऐकून तरी आपल्यापैकी कोणी चौकशीला जावे! शहराच्या गोंडकालीन परकोटाची गोष्ट वेगळी झाली. तिथे २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी फावडी-कुऱ्हाडी घेऊन तटावरची झाडे, कचरा काढायला सुरुवात केली आणि महिनोन् महिने ते काम चालू ठेवले. तेव्हा तो तट चंद्रपूरकरांना दिसला. त्याच तटाला पठाणपुरा दरवाजा आहे. दरवाज्याच्या नावातच शहरात आपली जागा लिहिलेली आहे, त्यासाठी कोर्टात जावे लागत नाही.

(सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीजवळ सापडलेला बारापासॉरस हा अवाढव्य डायनासोर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास सापडला म्हणून त्याच्या नावात टागोर आहेत. हे पुरातत्त्व नव्हे, पुराजीवशास्त्र आहे, ठाऊक आहे. पण गडचिरोलीच्या पोराला आपल्या गावची हाडे बघायला कोलकाता गाठावे लागते, ही रड सारखीच.)

मी मुलांची सहल वैरागडला न्यायची ठरवली तेव्हा एक पालक म्हणाले, "सर, वहाँ क्या है? पत्थरच पत्थर तो है!" दुसरे म्हणाले, तिथे देऊळ आहे, मुलांना कशाला नेता? आणि एका सरकारी कार्यालयात माहिती विचारायला गेलो तर टेबलामागच्या साहेबांनी अर्जावरचे माझे नाव दोनदा वाचले आणि विचारले, "तुम्हाला कशाला हवी ही माहिती?" मला या तिन्ही वाक्यांत फरक वाटला नाही. तिघांचेही म्हणणे एकच, हे तुमचे नाही.

देवळाची भीती दाखवणाऱ्यांना एवढेच सांगतो की कुरआन माणसाला पुन्हा पुन्हा पृथ्वीवर हिंडून आधीच्या कौमांचे काय झाले ते पाहायला सांगतो. ओस पडलेल्या वस्त्या पाहा, धडा घ्या, असा त्याचा रोख आहे. डोळे मिटून पुढे जा असे त्यात मला तरी कुठे आढळले नाही. अल्-बिरुनी हजार वर्षांपूर्वी पंडितांकडून संस्कृत शिकला, त्यांचे ग्रंथ वाचले, त्यांच्या मूर्तींविषयी लिहिले. त्याचे इमान गेले नाही. भंडारेश्वराच्या देवळाची शिल्पे पाहून आठवीच्या मुलाचे इमान जाणार असेल तर दोष शिल्पांचा नाही, आपल्या तालीमीचा आहे.

आणि दुसऱ्याचे सोडा, आपले तरी आपण जपतो का? आमच्या भागातल्या एका जुन्या दर्ग्याच्या चौकटीवर फारसी ओळी कोरलेल्या होत्या. मरम्मत निघाली, चंदा जमला, ओळींवर चकचकीत ग्रॅनाइट बसले. कमिटीतल्या एका बुजुर्गांना विचारले तर म्हणाले, "मास्टरसाब, पुराना हो गया था, अब देखो कैसा चकाचक है." त्या ओळींचा कोणी फोटोही काढलेला नव्हता. कुणी बांधले, कोणत्या हिजरी साली, सगळे सिमेंटखाली गेले. गावोगाव हेच चालू आहे. ऑइलपेंटचा हात, टाइल्स, हिरवा डिस्टेंपर, आणि खाली गुदमरलेला इतिहास. उद्या कोणी त्याच दर्ग्यावर दावा लावला तर ही कमिटी पुरावा शोधत वकिलाकडे पळेल. बाबरीच्या भिंतीवरचे लेख गेले तेव्हा आपण रडलो, ते रास्त होते. इथे मात्र आपणच वर्गणी काढून लेख पुसतो आहोत.

सरकारी खात्याची अवस्था सांगायची तर २०१३ साली महालेखापरीक्षकांनी निम्म्याहून कमी संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली आणि त्यांतली ब्याण्णव स्मारके जागेवर सापडलीच नाहीत. पुढे काहींचा शोध लागला, काही शहरांखाली गेली, काही धरणांत बुडाली, आणि २०२४ मध्ये अठरा स्मारके यादीतूनच काढून टाकण्यात आली. ज्या खात्याला मशिदींखाली काय आहे हे शोधण्याची एवढी घाई, त्याला जमिनीवर उभे असलेले सापडत नाही. २०२३ मध्ये बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातून मुघल दरबाराचे प्रकरण गेले. पुस्तकातले पान फाडता येते. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावर १४८७ चा बहामनी लेख अजून आहे, पण तो वाचणारा माणूस उरला नाही तर त्याचे असणे आणि नसणे सारखेच.

वाचणारा माणूस कुठून येईल? हा प्रश्न आम्हा उर्दू शाळांचा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा दिल्लीत नाही, लखनौत नाही, आपल्या नागपुरात आहे. डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानाने त्या शाखेत आयुष्य घालवले. देशभरातले हजारो लेख तिथे वाचले गेले. कुरखेड्याहून सकाळची एसटी धरली तर दुपारपर्यंत नागपूर येते. विदर्भातल्या किती उर्दू शिक्षकांनी हे कार्यालय पाहिले आहे? नागपूरला आपण ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याला जातो, लग्नाचा बस्ता बांधायला जातो, मेडिकलला जातो.

"सर, पोट भरल्यावरचे उद्योग आहेत हे," असे मला सांगितले जाते. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आल्यापासून आमचे मागासलेपण सगळ्यांना पाठ झाले आहे, तेव्हा आधी नोकरी, मग दगड. ठीक आहे, नोकरीचीच भाषा बोलू. अरबी-फारसी शिलालेखतज्ज्ञांची पदे केंद्रीय लोकसेवा आयोग भरतो आणि त्यांना त्या भाषांतली पदव्युत्तर पदवी लागते. डेक्कन कॉलेजात एम.ए. पुरातत्त्वाला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो, नागपूर विद्यापीठातही हा विभाग आहे. आपली मुले दहावी-बारावीनंतर डी.एड., आयटीआय, नाहीतर मोबाइल-दुरुस्ती या तीन दारांपुढे उभी असतात. चौथे दार कोणी दाखवलेच नाही. पदे थोडी आहेत हे खरे. पण ज्या थोड्या पदांसाठी आपल्याला लहानपणापासून येणारी लिपी हीच पात्रता आहे, तीसुद्धा आपण दुसऱ्यांना मोकळी सोडायची?

मदरशांच्या उस्तादांनाही विनंती आहे. तुमच्याकडच्या तालिब-इल्मला नस्तालीक वाचता येते, सुलुस ओळखता येते, हिजरी सालाचे इसवी साल काढता येते. एका जुम्म्याच्या दुपारी त्याला गावच्या जुन्या कब्रस्तानात न्या, पाणी मारून दगड पुसा, तासणी-ब्रश-चुना काही लावू नका, तिरप्या उन्हात मोबाइलवर फोटो काढा, ओळ न् ओळ वहीत उतरवून घ्या. तारीख, गावाचे नाव, दगड कुठे आहे ते लिहा. वहीची एक प्रत नागपूरच्या त्या कार्यालयाला पाठवा. मशीद-दर्गा कमिट्यांनी मरम्मतीचा ठराव करण्याआधी एवढेच करावे.

आणि ज्यांच्याकडे शेती आहे त्यांनी एक कायदा ध्यानात ठेवावा, १८७८ चा निखात निधीचा. नांगराला मडके लागले, त्यात नाणी निघाली आणि ऐवज दहा रुपयांहून जास्त असला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सोनाराकडे नेऊन वितळवलेले नाणे फक्त धातूची किंमत देते. त्यावर कोणत्या टांकसाळीचे नाव होते ते मात्र कायमचे जाते, आणि ती टांकसाळ आपल्याच तालुक्यातली असू शकते.